पटपडगंजची धूळ

पुण्याहून बदलीचा हुकूम घेऊन आम्ही दिल्लीस आलो, त्या वेळी घरसामानाबरोबर आमची मोटारही आली. तिचा रंग काळा. तो रंग निवडताना भारदस्तपणा एवढाच विचार आमच्या मनात होता. यमुनेच्या पूर्वतीरावर मयूर विहारात बिऱ्हाड थाटले आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी सज्जातून खाली पाहतो तो काय, आदल्या संध्याकाळी धुऊनपुसून ठेवलेली काळी मोटार राखाडी झालेली! शेजारच्या मुलांनी तिच्या टपावर बोटाने आपली नावे लिहिली होती आणि एका विद्याव्यासंगी बालकाने तर अर्धी वर्णमालाच काढून ठेवली होती. धूळपाटीवर अक्षरे गिरवल्याच्या गोष्टी आम्ही आजोबांकडून ऐकल्या होत्या. आमच्या मोटारीचीच धूळपाटी होईल, हे मात्र कधी स्वप्नातही आले नव्हते.

वसाहतीतील गाड्या धुणारा गृहस्थ आमची समजूत घालीत म्हणाला, "साहेब, दिल्लीत काळी गाडी म्हणजे दोन दिवसांची नवरी." हे सांगता सांगता त्याने कोरडे फडके उचलले आणि ती धूळ खसाखसा पुसून काढली. दुपारच्या उन्हात पाहिले, तर टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या होत्या. धूळ गेली, पण आपली सही करून गेली.

ही धूळ येते कोठून, किती काळापासून येते आणि तिच्याशी येथील माणूस आजवर कसा वागला, हा प्रश्न आम्हांस त्या दिवशी प्रथम पडला. मोटारीच्या निमित्ताने सुरू झालेला हा शोध आम्हांला इतिहासाच्या दालनात घेऊन गेला आणि तेथे आपल्याच लोकांची गाठ पडली. म्हणून तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

प्रथम धुळीच्या जातीचा विचार करू. आपल्याकडे देशावरची माती काळ्या पाषाणाची, म्हणून तिची धूळही काळसर. कोकणात जांभा दगड, म्हणून तेथील धुरळा तांबडा. कोकणात पांढऱ्या मोटारीची जी दशा होते, तीच दिल्लीत काळ्या मोटारीची होते, कारण येथील धूळ फिकी आहे. हिमालयातून नद्यांनी दळून आणलेली गारगोटी, अभ्रक आणि चुनखडी यांचे हे पीठ. प्रकाश पडला की त्यातील प्रत्येक कण तो चहूकडे उधळतो. काळा गुळगुळीत पृष्ठभाग मात्र आरशासारखा एकाच दिशेला परतवतो. त्यामुळे काळ्यावर पांढरा कण जसा डोळ्यांत भरतो तसा पांढऱ्यावर भरत नाही. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बंगालातील उत्तरपाडा येथे तयार होणारी ॲम्बॅसेडर मोटार सरकारी सेवेत बहुधा पांढऱ्या रंगातच वावरली. पांढरा रंग ऊन कमी शोषतो, हा त्या निवडीचा एक गुण खराच. पण दिल्लीची धूळ झाकण्याचा दुसरा गुणही साहेबलोकांच्या सारथ्यांना चांगला ठाऊक असला पाहिजे!

मयूर विहारावर पडणारी धूळ तीन घरची आहे. पहिले घर यमुनेचे. या नदीच्या काठी जमिनीचे दोन भाग मानतात: पुराच्या पाण्याखाली जाणारा तो खादर आणि त्याच्या वरचा जुना उंचवटा तो बांगर. पूर्वतीरावरील हा सारा सखल प्रदेश नदीच्या गाळाने घडलेला आहे. मयूर विहाराला लागून असलेल्या जुन्या गावाचे नाव पटपडगंज. हिंदीत 'पटपर' म्हणजे सपाट उजाड जमीन, नदीकाठची पावसाळ्यात बुडणारी भूमी. आणि 'गंज' म्हणजे बाजारपेठ. नावाचा अर्थ येथूनच लागत असावा. १९७८ च्या सप्टेंबरात जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०७.४९ मीटरपर्यंत चढली होती. पुढे १३ जुलै २०२३ रोजी तिने तो विक्रम मोडून २०८.६६ मीटर गाठले. त्या पावसाळ्यात खादरातील शेतकरी आपली गुरेढोरे घेऊन मयूर विहाराच्या रस्त्याकडेला तंबूत राहिले. पूर ओसरला, माणसे परतली, मागे उरला तो गाळ. तो वाळला की त्याचीच धूळ होते. नदी आपले पाणी परत नेते, माती मात्र आपल्या उंबऱ्यावर ठेवून जाते.

दुसरे घर वाळवंटाचे. वैशाख-ज्येष्ठात थरच्या बाजूने 'आंधी' उठते, तेव्हा दुपारी तीन वाजता दिवे लावण्याची पाळी येते. २०१८ च्या जूनच्या मध्यावर राजस्थानकडून आलेल्या धुळीने दिल्लीचे आकाश काही दिवस असे कोंदले, की शहरातील बांधकामे थांबविण्याचा हुकूम निघाला. अरवलीची शेवटची शेपटी, म्हणजे दिल्लीचा पहाडी कणा, या वाऱ्याच्या वाटेत उभी आहे खरी. पण ती ठेंगणी आणि तुटक. शिवाय मुंबईच्या साधारण एकतृतीयांश पाऊस येथे पडतो आणि तोही मुख्यत्वे अडीच महिन्यांत. उरलेले वर्षभर धुळीला खाली बसविणारे कोणी नाही.

तिसरे घर माणसाचे. मयूर विहार ही वस्ती मुख्यतः १९८० नंतरच्या काळातली. दिल्ली विकास प्राधिकरणाने आणि सहकारी गृहसंस्थांनी येथे शेते मोडून घरे उभी केली. २००९ मध्ये मेट्रो आली, २०१८ मध्ये मेरठकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा निजामुद्दीन पुलापासून सुरू झाला, २०२१ मध्ये मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेचा तुटलेला दुवा त्रिलोकपुरीपाशी जोडला गेला. प्रत्येक सोय येताना आपल्या वाट्याची माती उकरून आली. कानपूरच्या आय.आय.टी.ने दिल्लीच्या हवेचा जो अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१६ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. हवेत मिसळणाऱ्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी ५६ टक्के आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांपैकी ३८ टक्के रस्त्यावरच्या धुळीचे असतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे मोटारीवर बसणारी धूळ पुष्कळ अंशी मोटारीच उडवितात! आम्ही ज्याच्यावर फडके मारतो, ते आमच्याच चाकांचे दान असते.

येथवर आमचा शोध भूगोलाचा होता. पटपडगंजच्या नावापाशी थबकलो, तेव्हा त्याला इतिहासाचा धक्का लागला. याच परिसरात ११ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांची कवायती फौज आणि जनरल जेरार्ड लेक यांची इंग्रज फौज यांची लढाई झाली. इंग्रज तिला दिल्लीची लढाई म्हणतात. येथील जुनी माणसे पटपडगंजची लढाई म्हणतात.

मागचा पुढचा संदर्भ थोडक्यात सांगणे इष्ट होईल. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन गेले. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते आणि दुथडी भरलेल्या यमुनेच्या या तीरावर, म्हणजे आमच्याच बाजूला, अब्दालीचा तळ होता. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे यांनी पुन्हा दिल्लीत पाय रोवला आणि पुढल्याच वर्षाच्या आरंभी बादशहा शाह आलम यास तख्तावर आणून बसविले. १७८४ च्या अखेरीस महादजी बादशाहीचे वकील-इ-मुतलक झाले. त्यांनी द बॉइन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याकरवी पाश्चात्य धर्तीची पायदळ पलटणे उभी केली. १७९४ मध्ये महादजी गेले, पुढे द बॉइनही मायदेशी परतला आणि त्याच्या जागी पेराँ आला. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. त्यानंतर पेटलेल्या युद्धात ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगढचा किल्ला पडला. पेराँने शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला आणि दिल्लीच्या रक्षणाचे काम लुई बुर्कँ या दुसऱ्या फ्रेंच सरदाराकडे आले.

लेकची फौज त्या दिवशी अठरा मैल चालून हिंडन ओलांडून आली होती. उन्हाने शिपाई बेजार झाले होते. तळ पडतो न पडतो तोच समोर शिंद्यांची फौज दिसली. इंग्रज सुमारे साडेचार हजार. शिंद्यांचे लोक त्यांच्याच वृत्तांतांप्रमाणे एकोणीस हजार आणि तोफा सत्तरच्या घरात. भाद्रपदाचे दिवस, म्हणून मैदानात धूळ नव्हती. माणूसभर गवत माजले होते आणि त्याच्या आडोशाला तोफा लपल्या होत्या. लेक घोडदळ घेऊन टेहळणीस पुढे आला, तेव्हा त्याच गवतातून मारा झाला आणि त्याचा घोडा ठार झाला. समोरासमोरचा हल्ला महाग पडेल हे ओळखून त्याने घोडदळ माघार घेत असल्याचा देखावा केला. शिंद्यांचे लोक भक्कम मोर्चे सोडून जयघोष करीत पाठलागास निघाले. घोडदळ दोहोंकडे फाकले आणि मागे सज्ज असलेले पायदळ पुढे आले. जवळून बंदुकांची एकच फैर, मग संगिनी. 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा आपला वाक्प्रचार येथे अक्षरशः लागू पडावा, पण धूळच नव्हती!

मोर्चे मोडले. अनेकजण नदीकडे पळाले आणि पुराच्या पाण्यात बुडाले. इंग्रजांच्या हाती ६८ तोफा पडल्या. त्यांच्याकडील मृत आणि जखमी पाचशेच्या आसपास. शिंद्यांची हानी तीन हजारांच्या घरात सांगतात. तीन दिवसांनी बुर्कँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १६ सप्टेंबरला लेक आंधळ्या शाह आलमच्या भेटीस लाल किल्ल्यात गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस असई, १ नोव्हेंबरला लासवारी, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. पटपडगंजच्या त्या एका दुपारने मराठ्यांचा दिल्लीवरील अंमल संपविला.

हे वाचून कोणाही मराठी माणसाचा ऊर भरून यावा, हे स्वाभाविक आहे. आमचाही आला. परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. पटपडगंजला पडलेले शिपाई बहुसंख्येने मराठी नव्हते. द बॉइनने आपली पलटणे दोआबातून आणि अवधच्या बाजूने भरती करून उभी केली होती. झेंडा शिंद्यांचा, कवायत फ्रेंचांची, रक्त मात्र याच मातीतल्या शेतकऱ्यांचे. म्हणून 'येथे मराठी रक्त सांडले' असे म्हणून गहिवरण्यापेक्षा, मराठी राज्यासाठी येथे परक्या भाषेच्या माणसांनी प्राण दिले असे म्हणणे अधिक खरे, आणि आम्हांस वाटते, अधिक मोठेही. त्यांची नावे आपल्या बखरींत नाहीत. लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. तो १९१६ मध्ये जेत्यांनी उभारलेला. हरलेल्यांचा कोणताही दगड येथे नाही. त्यांचे जे काही उरले असेल ते या गाळातच मिसळलेले आहे.

हे कळल्यापासून मोटार पुसताना आमचा हात अडखळू लागला, हे कबूल करतो. पण भावनेच्या भरात मोटार मळकी ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. आजच्या टपावरची धूळ रस्त्याची, सिमेंटची आणि फार तर परवाच्या पुराची आहे. तिला १८०३ ची समजून पुजण्याचे कारण नाही. तेव्हा या धुळीशी आजवरच्या लोकांनी कसा सामना केला, ते पाहू.

सर्वांत जुना उपाय पाण्याचा. शाहजहानने वसविलेल्या नगरीत चांदणी चौकाच्या मधोमध कालवा वाहत असे आणि भिश्ती पखालींनी रस्त्यांवर सडा घालीत. आपल्या अंगणातल्या सड्याचेही तेच शास्त्र: धूळ उडविण्यापेक्षा बसविणे बरे. दुसरा उपाय झाडांचा. इंग्रजांनी नवी दिल्ली रचताना पहाडी कण्यावर विलायती कीकर लावली. ती पुढे देशी झाडांच्या मुळावर उठली, हा भाग निराळा. तिसरा उपाय डांबराचा, आणि तो खुद्द मोटारीनेच जगास शिकविला. मोटारी धावू लागल्या तशी युरोपातील खडीचे रस्ते धुळीचे लोट उडवू लागले. १९०२ मध्ये मोनाको येथे ग्युल्येल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टराने रस्त्यावर तापलेले डांबर पसरून धूळ दाबण्याचा प्रयोग केला आणि लोक त्याला कौतुकाने 'डांबर डॉक्टर' म्हणू लागले. आज गुळगुळीत रस्ता आपण वेगासाठी आहे असे समजतो. त्याच्या जन्मामागे मात्र धुळीचा जाच होता. २०१७ पासून दिल्लीत हवा बिघडण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. त्यांनुसार रस्ते यंत्राने झाडावेत, पाणी शिंपडावे, बांधकामे थांबवावीत अशी योजना आहे. थोडक्यात, भिश्ती गेला आणि टँकर आला.

आता प्रत्यक्ष मोटारीकडे वळू. तिच्या रंगाचा इतिहासही मनोरंजक आहे. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली प्रसिद्ध मोटार केवळ काळ्या रंगात विकली. भट्टीत भाजलेले ते काळे रोगण कठीण आणि टिकाऊ असे. १९२३ च्या सुमारास 'ड्युको' हे लवकर वाळणारे रोगण आले आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. हल्लीच्या मोटारीत रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. उलट आमच्या यमुनेच्या गारगोटीचा कण काठिण्याच्या दहा पायऱ्यांत सातव्या पायरीवर बसतो. पोलादी चाकू तिच्याखाली राहतो. अशी धूळ कोरड्या फडक्याने चोळणे म्हणजे काचकागदाने घासणेच. पांढऱ्या मोटारीवरही या रेघा पडतात, पण दिसत नाहीत. काळी मोटार आपले दुखणे लपवीत नाही, एवढाच काय तो फरक.

अनुभवांती आम्ही जे नियम केले ते असे. धूळ पुसू नये, भिजवावी. पहाटे हिवाळ्यात दंव पडून तिचा चिखल होतो, त्याला तर हातच लावू नये. भरपूर ओला होईपर्यंत वाट पाहावी. बादल्या दोन घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्याची. एकाच बादलीत दहा मोटारींचे फडके बुडविले, की दहावीच्या अंगावर नऊ मोटारींची वाळू घासली जाते. धुणे टपापासून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे असावे. उन्हात धुऊ नये, कारण येथील जड पाणी वाळताना चुन्याचे ठिपके सोडते. मऊ, दाट लवेच्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे आणि वर्षातून दोन-तीनदा मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे धूळ चिकटून न बसता ओघळते. आच्छादन घालावे ते स्वच्छ मोटारीवरच. मळक्या मोटारीवर वाऱ्याने फडफडणारे आच्छादन रात्रभर घासतच राहते. आणि मुलांना बोटाने अक्षरे न गिरविण्याविषयी गोडीने सांगावे. नाही ऐकले, तर विद्येसाठी काही खर्च होतोच, असे समजावे.

पाण्याचा प्रश्न मात्र नियमांनी सुटत नाही. मे २०२४ च्या टंचाईत नळीने मोटार धुणारास २,००० रुपये दंड करण्याचा हुकूम दिल्लीत निघाला होता आणि तो योग्यच होता. आमच्या चकचकीत टपाला लागणारे पाणी शेजारच्या एखाद्या घरी हंड्याने भरले जात असते. म्हणून आम्ही रोज धुण्याचा नाद सोडला. आठवड्यातून एकदा दोन बादल्या. मधल्या दिवशी समोरची काच पुसून घ्यावी आणि बाकीची धूळ सुखाने नांदू द्यावी. गाड्या धुणाऱ्या त्या गृहस्थालाही आम्ही दुसरी बादली घेऊन दिली. प्रथम त्याला तो मराठी साहेबाचा विक्षिप्तपणा वाटला. हल्ली तो इतरांनाही दोन बादल्यांचे शास्त्र समजावून सांगताना दिसतो. त्याचे गाव दोआबात आहे, हे त्यानेच एकदा बोलता बोलता सांगितले. शिंद्यांच्या पलटणींत त्याचा कोणी पूर्वज होता की नाही, हे त्यालाही ठाऊक नाही आणि आम्हांलाही नाही. परंतु असू शकेल, या विचाराने आम्ही त्याला आता एकेरी हाक मारीत नाही.

आपल्याकडे पंढरीस पोहोचलेला वारकरी पाय न धुता आधी विठ्ठलाच्या भेटीस जातो. त्या भेटीला धूळभेट म्हणतात. प्रवासाची धूळ तेव्हा मळ ठरत नाही. बदलीच्या नोकरीत आपण गावोगाव फिरतो, प्रत्येक गावची माती काही दिवस अंगावर वागवितो आणि पुढल्या हुकुमाबरोबर झटकून निघून जातो. ती कोणाची माती होती, हे विचारण्याची सवड आपणांस क्वचितच होते. येत्या ११ सप्टेंबरला त्या स्तंभाच्या बाजूस जाऊन यावे, असे आम्ही घरात ठरविले आहे. त्या दिवशी मोटार धुण्याचा वार येत असला, तरी ती परत आल्यावरच धुऊ.